टिंगलिंग म्हणजे खाज नव्हे. शब्द अडला की हाताकडे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईंचं वय ५८, साखर ११ वर्षांपासून. गेला महिना-दीड महिना त्या म्हणतायत, "तळपाय नुसतं रवरवत्यात बघ, मुंग्या आल्यागत व्हतंय." दोन्ही पायांना, बोटांपासून सुरुवात, रात्री जास्त. तुम्ही बेंगळुरूच्या एका डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर दाखवलंत. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "टिंगलिंग ऑर इचिंग?" तुम्हाला ऐनवेळी सुचलं नाही आणि तुम्ही 'इचिंग' म्हणालात. खाजेची गोळी आणि मलम मिळालं. दहा दिवस झाले, काडीचा फरक नाही. आता तुम्हाला वाटतंय की शब्दच चुकला असावा, म्हणून टिंगलिंगचा नेमका अर्थ आणि वापर विचारताय.

मी कोल्हापुरात २७ वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करतोय. पेशंट मराठीत सांगतो आणि मी केसपेपरवर इंग्रजीत लिहितो, हे रोजचंच काम. या दोन भाषांच्या मधे जे सांडतं त्याचा भुर्दंड पेशंटला पडतो, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्दकोश उघडलात तर टिंगलिंगपुढे 'झिणझिण्या येणे, मुंग्या येणे' असं सापडेल. ते बरोबरच आहे. पण डॉक्टरांना तुमच्याकडून अर्थ नको होता, त्यांना कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरवायचं होतं. 'इचिंग' म्हटलं की डॉक्टरांचं डोकं कातडीकडे वळतं: नायटा, खरूज, इसब, ॲलर्जी, थंडीतला कोरडेपणा. 'टिंगलिंग' म्हटलं की ते मज्जातंतूंकडे वळतं, म्हणजे आपण बोलताना ज्यांना नसा म्हणतो त्यांच्याकडे: नस कुठे दबली आहे का, साखरेनं खराब झाली आहे का, व्हिटॅमिन बी-१२ कमी आहे का. एका शब्दावर पुढच्या सगळ्या तपासण्या फिरतात.

आता टिंगलिंग म्हणजे काय. कोपर टेबलाच्या कडेवर आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिण धावते, ते टिंगलिंग. तिथे कोपराच्या आतल्या बाजूने एक नस हाडाला चिकटून जाते आणि तिलाच मार बसतो. दुसरा अनुभव पंगतीतला. अर्धा-पाऊण तास मांडी घालून बसलात आणि उठायला गेलात, की आधी पाय आपला नाहीच असं वाटतं. ते बधिरपण, इंग्रजीत 'नंबनेस'. मग मिनिटभरात पायात हजार सुया टोचल्यासारखं होतं. ते टिंगलिंग. दाबामुळे नसेचा रक्तपुरवठा आणि तिच्यातून जाणारे संदेश अडलेले असतात. दाब सुटला की ती नस भानावर येताना स्वतःहूनच भलतेसलते संदेश सोडायला लागते. कातडीला बाहेरून काहीही टोचत नसतं. आपण मात्र दोन्ही अवस्थांना एकच म्हणतो, "पायाला मुंग्या आल्या." ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या इंग्रजी शब्दाचं मूळ मला फार आवडतं. टिंगल हा तिकडे आधी कानाचा शब्द होता, घंटी किणकिणते त्या 'टिंकल'चा सख्खा शेजारी. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात, जो कोणी ही बातमी ऐकेल त्याचे दोन्ही कान 'टिंगल' होतील, असं वाक्य आहे. कानात घुमणारा आवाज पुढे कातडीवर उतरला. आपल्याकडेही तसंच झालंय. झिणझिण, झणझण हे मुळात पैंजणाचे, झांजेचे आवाज, आणि आपण ते हातापायाला लावले. म्हणून टिंगलिंगला माझ्या मते सर्वांत जवळचा मराठी शब्द 'झिणझिण्या' हाच.

'मुंग्या येणं' हाही चांगलाच शब्द आहे आणि जगभर तो आहे. फ्रेंचमध्ये मुंगीला फुर्मी म्हणतात आणि या संवेदनेला फुर्मीयमाँ. स्पॅनिशमध्ये मुंगी ओर्मीगा आणि संवेदना ओर्मिगेओ. पण इंग्रजीत सांगताना या मुंग्या शब्दशः नेऊ नका. "अँट्स आर क्रॉलिंग ऑन हर फीट" म्हटलंत तर ऐकणारा डॉक्टर 'फॉर्मिकेशन' लिहील. तो शब्दही लॅटिन मुंगीवरूनच आलाय, पण त्याचा अर्थ कातडीवरून किंवा खालून किडे चालल्याचा भास. दारू अचानक सोडल्यावर, काही औषधांनी, पाळी जाण्याच्या वयात तो होतो. त्याला आपल्याकडे 'वळवळ' म्हणतात. म्हणजे मराठीत मुंग्या 'येतात' तेव्हा टिंगलिंग, आणि मुंग्या 'फिरतात' तेव्हा वेगळं काही. क्रियापद ऐकायचं.

पण घराघरात शब्द बदलतात. 'रवरव' एका घरी आग असते, दुसऱ्या घरी खाज, तिसऱ्या घरी झिणझिण. 'चुणचुण' आणि 'चुरचुर' यांचंही तेच. त्यामुळे मी शब्दावर निकाल देत नाही. मी पेशंटचा हात बघतो.

१६६० साली जर्मनीतल्या हाफेनरेफर नावाच्या वैद्याने खाजेची व्याख्या केली होती: जिच्यामुळे खाजवावंसं वाटतं अशी नकोशी संवेदना. आजही आम्ही तीच शिकवतो, कारण तिच्यात संवेदनेचं वर्णन करायच्या भानगडीत न पडता माणूस काय करतो ते सांगितलंय. मी तीच रीत बाकीच्यांना लावतो. खाज असेल तिथे नख जातं. झिणझिण्या असतील तर माणूस हात झटकतो, पाय आपटतो, बोटं चोळतो. आग होत असेल तर फुंकर घालतो, पाय गार फरशीवर ठेवतो, पांघरुणाबाहेर काढतो. बधिर असेल तर चिमटा काढून बघतो, किंवा काहीच करत नाही. रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो असं कुणी सांगितलं की मनगटात नस दबल्याची शंका पहिली येते. मग मी विचारतो, कुठली बोटं? अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल तर मनगट. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू असेल तर कोपर.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करवीर तालुक्यातल्या एक आजी आल्या होत्या. "डाक्टर, बरगडीखाली चुणचुणतंय दोन दिस." कातडी स्वच्छ होती, पुरळ नाही, काही नाही. मी 'इचिंग' लिहिलं, खाजेची गोळी दिली आणि लावायला लोशन दिलं. पाच दिवसांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा पाठीच्या मणक्यापासून बेंबीपर्यंत, फक्त उजव्या बाजूला, पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला होता. नागीण. फोड येऊन चौथा दिवस होता, आणि विषाणूवरचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं लागू पडतं. त्यांची दुखरी नस पुढे कित्येक महिने राहिली. नंतर मी ती पहिली भेट मनात परत परत आणली. आजी सांगताना पाठीपासून पोटापर्यंत हाताचा तळवा सपाट फिरवत होत्या. एकदाही नख लावलं नव्हतं. पदराचा स्पर्शही नको म्हणून त्या कापड अंगापासून उचलून धरत होत्या. सगळं माझ्यासमोर होतं आणि मी फक्त शब्द ऐकला. नागिणीच्या आधी दोन-चार दिवस त्या पट्ट्यात झिणझिण, आग, ठणका असतो, तो असा एकाच बाजूला. तेव्हापासून केसपेपरवर इंग्रजी शब्दाच्या शेजारी मी पेशंटचा शब्द देवनागरीत लिहितो आणि हात काय करत होता तेही.

आपल्या भागातले काही शब्द मला रोज ऐकायला मिळतात, तुम्हाला उपयोगी पडतील. उसाच्या फडातून आलेला माणूस म्हणतो, "अंग चुरचुरतंय." उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते, बारीक चिरा पडतात, त्यात घाम जातो. इंग्रजीत ते 'स्मार्टिंग' किंवा 'स्टिंगिंग'. पाचटाच्या कुसळांनी होते ती खाज, 'इचिंग'. राधानगरी-गगनबावड्याच्या रानात खाजकुइली लागली तर तीही खाजच, पण तिची वाट हिस्टामिनची, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या रसायनाची नाही, म्हणून ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने तिला फारसा उतार पडत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत दिवसभर ग्राइंडर धरणारी पोरं येतात, "बोटं झिणझिणत्यात, थंडीत पांढरी पडत्यात" म्हणतात. ते अस्सल टिंगलिंग, यंत्राच्या थरथरीने नसा आणि रक्तवाहिन्या दुखावल्याचं. त्यांना मलम देऊन पाठवणं म्हणजे रोग तसाच ठेवणं.

आणि जेवणाचं उदाहरण दिल्याशिवाय कोल्हापूरच्या माणसाला समाधान नाही. तांबडा रस्सा झणझणीत असतो असं आपण म्हणतो. शब्द झणझणीचा, पण जिभेवर होते ती आग, 'बर्निंग'. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या संवेदकावर बसतं तोच संवेदक साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेने उघडतो, म्हणून मेंदूला खरोखर भाजल्यासारखं वाटतं. हा संवेदक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. याउलट लक्ष्मीपुरीतल्या मसाल्याच्या दुकानातून एक तिरफळ आणा आणि बी काढून त्याचं साल दाताखाली धरा. थोड्या वेळाने जीभ आणि ओठ थरथरल्यासारखे होतात, गार-बधिर वाटतं. हे टिंगलिंग. तिरफळाच्या चिनी भावंडावर २०१३ साली लंडनमध्ये प्रयोग झाला होता, ओठावरची ती झिणझिण ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० वेळांच्या आसपासच्या कंपनाइतकी भरली. कुणाला हा शब्द समजावायचा असेल तर मी मिरची आणि तिरफळ हीच जोडी सांगतो.

बाटल्यांवरचं टिंगलिंग वेगळं. शाम्पूवर 'टिंगलिंग फ्रेशनेस' लिहितात तेव्हा मेन्थॉलने थंडीचा संवेदक जागा केलेला असतो; मराठीत 'गारेगार चुणचुण' म्हणा. चेहऱ्याच्या क्रीमवर 'माइल्ड टिंगलिंग मे ऑकर' असेल तर लावल्यावर थोडा वेळ चुणचुणेल एवढाच अर्थ. थोड्या मिनिटांत थांबायला हवं. थांबलं नाही, लाली आली, आग झाली तर धुवून टाका आणि परत लावू नका. गोष्टी-सिनेमांतलं 'स्पाइन टिंगलिंग' म्हणजे आपला शहारा, त्याचा दवाखान्याशी संबंध नाही.

वाक्यात हा शब्द कसा बसतो तेही सांगतो. इंग्रजीत अवयव कर्ता होतो: 'हर फीट टिंगल', किंवा 'शी हॅज टिंगलिंग इन हर फीट'. मराठीत संवेदना येते आणि अवयवाला येते: 'पायाला झिणझिण्या येतात'. म्हणून घाईत भाषांतर करताना गाडी अडखळते. आणि मराठी माणसाला हा इंग्रजी शब्द थेट विचारू नका. आमच्या ओपीडीत एका नव्या डॉक्टरने एका काकांना "टिंगलिंग होतं का?" असं विचारलं. काकांना ते 'टिंगल' ऐकू आलं. ते गप्प झाले, मान खाली घातली. आपल्या दुखण्याची थट्टा चाललीय असं वाटून माणूस बोलायचा थांबतो, ही लहान गोष्ट नव्हे.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. आपण बधिरपणालाही मुंग्या म्हणतो, आणि खरा धोका बधिरपणात आहे. झिणझिणणारी नस तक्रार तरी करते. बधिर पाय गप्प असतो. पंचगंगेकाठच्या एका गावातले शेतकरी माझ्याकडे पायावरच्या जखमेसाठी आले होते. म्हणाले, "पायाला जरा मुंग्या हायत, बाकी काय न्हाई." मी विचारलं, चप्पल कधी पायातून निसटते आणि कळत नाही असं होतं का? बायकोच म्हणाली, "परवा एकच चप्पल घालून घरी आलं की." अंगठ्याची कोल्हापुरी चप्पल, जिच्यात अंगठ्याची पकड सतत कळत असते, ती वाटेत पडली आणि पायाला पत्ता नव्हता. जखम बांधावरच्या काट्याची होती, काटा अजून आतच होता. त्यांच्या केसपेपरवर आधीच्या ठिकाणी 'टिंगलिंग' लिहिलेलं होतं. 'नंबनेस' लिहिलं गेलं असतं तर कुणीतरी चपला-मोजे काढायला लावून तळपाय पाहिला असता.

कुष्ठरोगाचंही असंच. कातडीवर फिकट चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, आणि त्यावर स्पर्श कळत नाही. माणूस म्हणतो, त्रास नाही तर कशाला दाखवायचं? त्रास नसणं हेच तिथलं लक्षण. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि वेळेत घेतले तर हातापायाचं वाकडेपण टळतं.

आईंकडे येतो. दोन्ही तळपाय, बोटांपासून सुरुवात, रात्री जास्त, ११ वर्षांची साखर: हे चित्र साखरेनं नसांवर झालेल्या परिणामाचं वाटतं. पण न बघता मी ठाम सांगणार नाही, कारण बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. त्या मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं घेत असतील तर बी-१२ कमी झालेलं असू शकतं आणि तेही अगदी असंच दिसतं. शाकाहारी असतील तर शक्यता आणखी वाढते. थायरॉइड, कंबरेत दबलेली नस हीही कारणं असतात. रात्री पाय हलवत राहावंसं वाटतं आणि हलवल्यावर बरं वाटतं असं असेल तर तो आणखी वेगळा आजार, त्यात लोह तपासतात. आणि बोटांच्या बेचक्यात खरंच नायटा असेल तर खाज आणि झिणझिण दोन्ही एकत्र असू शकतात, तेव्हा तुमचं 'इचिंग'ही अर्धं बरोबर ठरेल.

आज रात्रीच एक करा. आईंना आडवं झोपवा, डोळे मिटायला सांगा. प्रत्येक पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना तुमच्या बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, चोळू नका. कळलं की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरा आणि या आठवड्यातच प्रत्यक्ष दाखवा. तिथे डॉक्टर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा आणि कंपनाचा काटा (ट्यूनिंग फोर्क) लावून नीट तपासतील. तोवर अनवाणी चालणं बंद, घरातसुद्धा. गरम पाण्याची पिशवी पायाला नको. साखरेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि नसांच्या शक्तीची म्हणून कुठलीही गोळी आणू नका.

अचानक एका बाजूचा हात, पाय किंवा चेहरा बधिर झाला, बोलणं अडखळलं, तर यातलं काही करत बसू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलात न्या; गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झिणझिण्या पायातून झपाट्याने वर चढत पायातली ताकद जायला लागली, किंवा जांघेत बधिरपणा येऊन लघवी अडली, तरीही तसंच.

पुढच्या कॉलवर एवढं बोला: "शी हॅज टिंगलिंग इन बोथ फीट, स्टार्टिंग फ्रॉम द टोज, वर्स ॲट नाइट. शी डज नॉट फील लाइक स्क्रॅचिंग." त्यातलं शेवटचं वाक्य आईंना आधी विचारून घ्या. पाय रवरवायला लागले की हात काय करायला जातो, नख लावावंसं वाटतं, पाय झटकावासा वाटतो की गार फरशीवर ठेवावासा वाटतो? आग असेल तर 'बर्निंग' म्हणा, स्पर्शाच्या परीक्षेत बोटं चुकली असतील तर 'नंबनेस' हा शब्द न विसरता घाला. आणि कॅमेरा आईंच्या चेहऱ्यावर ठेवू नका, तळपायांवर ठेवा, बोटांच्या बेचक्या उघडून.